अंधाऱ्या खोलीतील अवजारे

जुन्या फोटो-स्टुडिओचे दोन भाग असत. दर्शनी भाग साऱ्या गावाच्या परिचयाचा. रंगविलेला पडदा, त्यावर कमानी आणि कठडा, पुढे कोरीव पाठीची खुर्ची, तिपाईवर फुलदाणी. नवपरिणीत जोडप्यापासून मुंजीच्या बटूपर्यंत सर्वांनी येथे श्वास रोखून बसावयाचे. दुसरा भाग मात्र दोन जाड काळ्या पडद्यांच्या पलीकडे असे. एक पडदा ओलांडून आत गेल्यावर तो मागे नीट सोडावयाचा आणि मगच दुसरा उचलावयाचा, असा तेथील शिरस्ता होता. गिऱ्हाइकाला तेथे मज्जाव असे. मालकाचा धाकटा मुलगासुद्धा बाहेरून हाक मारून, होकार आला तरच आत शिरे. खरा फोटो या दुसऱ्या भागात तयार होत असे; खुर्चीवर घडे ती केवळ त्याची पूर्वतयारी.

आज ती खोली जवळजवळ सर्वत्र मोडली आहे. सन २००० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत डिजिटल कॅमेऱ्याने तिचे काम संपविले आणि तिच्यातील सामान माळ्यावर, अडगळीत आणि तेथून जुन्या बाजारात गेले. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात ते अधूनमधून दृष्टीस पडते. विकणाऱ्याला त्याचे नाव ठाऊक नसते, घेणाऱ्यालाही नसते. नाव गेले की वस्तूचे मोल भंगाराच्या वजनाएवढे उरते. हे केवळ हौसेचे प्रकरण असते तर त्यावर बोलण्याचे कारण नव्हते. परंतु या सामानातच काचेच्या निगेटिव्ह असतात, म्हणजे एखाद्या गावाचे पन्नास-साठ वर्षांचे चेहरे असतात. आणि याच सामानात जीव घेऊ शकतील अशा दोन-तीन बाटल्याही असतात. कोणती वस्तू जपावयाची आणि कोणतीला हात लावावयाचा नाही, हे ओळखू आले पाहिजे.

सारे काम चांदीच्या क्षारांवर चाले. त्यांवर प्रकाश पडला की त्यांच्यात डोळ्यांना न दिसणारा एक सूक्ष्म पालट होतो. डेव्हलपरच्या द्रावणात घातले म्हणजे प्रकाश लागलेल्या कणांची काळी धातुरूप चांदी बनते. ज्यांना प्रकाश लागला नाही ते क्षार तसेच राहतात आणि पुढे ते उजेडात काळे पडून चित्राचा नाश करतील, म्हणून त्यांना विरघळवून काढावे लागते. ते काम हायपोचे. हायपोचा हा गुण सर जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८१९ सालीच नोंदविला होता. वीस वर्षांनी, १८३९ साली, फोटोग्राफीची कला जगापुढे आली तेव्हा तो उपयोगी पडला. डेव्हलपर, हायपो आणि मग भरपूर पाणी, हा क्रम शेवटपर्यंत टिकला. अवजारे मात्र पालटत गेली. कारण चांदीचे क्षार ज्यावर पसरावयाचे ते माध्यम पालटले. म्हणून अडगळीतील वस्तू हाती आली की प्रथम पाहावे, ही काचेच्या काळातली की फिल्मच्या?

काचेच्या काळाचा पहिला भाग ओल्या काचांचा. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने कलोडियनची रीत प्रसिद्ध केली. ईथर आणि अल्कोहोल यांत विरघळविलेला स्फोटक कापूस म्हणजे कलोडियन. ते काचेच्या मध्यभागी ओतावयाचे, काच हातावर कलती करून चारी कोपऱ्यांपर्यंत खेळवावयाचे आणि उरलेले एका कोपऱ्यातून बाटलीत परत घ्यावयाचे. घावनाचे पीठ तव्यावर फिरविणाऱ्या गृहिणीला ही हातोटी चटकन साधली असती. नंतर ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची. या कामाचे पात्र उभे, अरुंद आणि चपटे असे. काचेचे अथवा चिनी मातीचे. त्याबरोबर एक लांब पट्टी सापडते. तिच्या खालच्या टोकाला आडवी कड किंवा आकडा असतो. लोक तिला पळी समजतात, पण तिला खोलगटपणा नसतो. काच त्या कडेवर टेकवून एका दमात द्रावणात सोडावयाची, एवढेच तिचे काम. मधे थांबले तर चित्रावर आडवी रेघ उमटे.

काच ओली असेतोवरच, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या आत, फोटो घेऊन धुणे भाग असे. त्यामुळे लेणी किंवा किल्ले यांचे फोटो घेणारा माणूस आपली अंधारी खोली तंबूच्या रूपाने बरोबर वागवी. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या काळच्या मुंबईच्या फोटोग्राफीतील ठळक नावे. या मंडळींची बोटे सिल्व्हर नायट्रेटने काळवंडलेली असणार. ते डाग काढण्यासाठी आणि चित्र पक्के करण्यासाठीही त्या काळी पोटॅशियम सायनाइड सर्रास वापरीत. तेव्हा काचेचे घट्ट बूच असलेली, पांढऱ्या खड्यांची, चिठ्ठी पुसलेली बाटली जुन्या पेटीत आढळली तर ती उघडू नये, हुंगू नये, मोरीत तर मुळीच रिती करू नये. आम्लाशी गाठ पडताच सायनाइडमधून प्राणघातक वायू निघतो. फिकट निगेटिव्ह गडद करण्यासाठी पाऱ्याचे क्लोराइड वापरीत, तेही जहालच. अशा बाटल्या आहेत तशा ठेवून जवळच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवाव्यात.

१८७१ साली डॉ. रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनची कोरडी काच सुचविली आणि त्या दशकाच्या अखेरीस ती कारखान्यांतून तयार मिळू लागली. तंबू सुटला. राजा दीनदयाळ यांची कारकीर्द याच स्थित्यंतराच्या काळातली. इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करीत असता १८७४च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती धरला. पुढे हैदराबादच्या निजामाच्या पदरी ते मानास चढले आणि १८९६ साली त्यांनी मुंबईतही स्टुडिओ उघडला. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात सुखरूप आहेत. सरकारी नोकरीतला माणूस फावल्या वेळात काय करू शकतो, याचे हे उदाहरण मला, समव्यवसायी म्हणून, विशेष प्रिय आहे.

कोरड्या काचेच्या काळातील सर्वांत सुबक अवजार म्हणजे प्रिंटिंग फ्रेम. पाहताक्षणी ती तसबिरीची चौकट वाटते, आणि कित्येकांच्या देवघरात तिने तसबिरीचे काम केलेलेही आहे. पण ती पालथी करून पाहावी. तसबिरीच्या चौकटीला टांगण्यासाठी कडी असते, हिला नसते. हिच्या पाठीची फळी एकसंध नसून तिचे दोन तुकडे बिजागरीने जोडलेले असतात आणि त्यांवर पितळी कमानपट्ट्या दाबून बसतात. याचे कारण मोठे मजेदार आहे. निगेटिव्हची काच खाली, तिला चिकटून कागद आणि त्यावर ही फळी, असे बसवून फ्रेम उन्हात ठेवीत. कागद उन्हातच हळूहळू तांबूस-जांभळा होई. तो पुरेसा झाला की नाही, हे पाहिल्याशिवाय कसे कळणार? आणि पाहण्यासाठी कागद उचलावा, तर तो तिळभर सरकताच चित्र दुहेरी होणार. म्हणून फळीचा अर्धा भागच उघडावयाचा. उरलेला अर्धा भाग कागदाला काचेवर घट्ट धरून ठेवतो. सावलीत नेऊन, अर्धी फळी उचलून, कागदाचा कोपरा दुमडून डोकवावयाचे आणि हवे तर पुन्हा उन्हात ठेवावयाचे. एका बिजागरीने सोडविलेला हा प्रश्न पाहिला की त्या सुताराचे कौतुक वाटते.

या फ्रेमच्या मापांवरून काचेचे माप कळते. सव्वातीन बाय सव्वाचार इंच ते क्वार्टर, पावणेपाच बाय साडेसहा ते हाफ, साडेसहा बाय साडेआठ ते फुल. आपल्याकडील फोटोग्राफर हीच नावे बोलत आणि दरपत्रकेही त्यांवरच असत. ओल्या काचा सुकविण्याची खाचांची लाकडी घोडीही याच मापांची. ती बशा ठेवण्याच्या घोडीसारखी दिसते; मात्र तिच्या खाचा बशीच्या मानाने फारच बारीक असतात.

तांबडा दिवा सर्वांना ऐकून माहीत असतो. तांबडाच का, हे ठाऊक नसते. आरंभीच्या काचांना निळ्या-जांभळ्या किरणांचीच जाण होती, पुढे हिरव्या-पिवळ्यांची आली. तांबड्या प्रकाशाला त्या आंधळ्या होत्या. म्हणून त्या प्रकाशात त्यांच्यावर चित्र उमटताना खुशाल पाहावे. १९०६ सालापासून सर्व रंग ओळखणाऱ्या पँक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या आणि निगेटिव्ह धुताना ही सोय संपली; पूर्ण काळोख, नाही तर क्षणभर अगदी मंद हिरवा उजेड. छापण्याच्या कागदाला मात्र तांबडा-पिवळा दिवा अखेरपर्यंत चालला. विजेपूर्वीचा डार्करूमचा कंदील रेल्वेच्या गार्डच्या कंदिलाशी गल्लत होण्याजोगा आहे. खूण एवढीच की, डार्करूमच्या कंदिलाची धुरांडी आणि हवेची भोके वाकडीतिकडी, झाकणाआड झाकण अशी असतात. हवा आत यावी, धूर बाहेर जावा, पण पांढऱ्या प्रकाशाची रेघही निसटू नये, अशी ती योजना असते. गार्डच्या कंदिलाला नेमके याच्या उलट, प्रकाश दूर फेकावयाचा असतो.

फिल्म आली तशी थाळ्यांबरोबर टाकी आली. प्रथम लोक रोल-फिल्म दोन्ही टोकांना धरून, झोपाळ्यासारखी वरखाली करीत, थाळीतल्या द्रावणातून ओढीत. मग बेकेलाइटची काळी गोल टाकी निघाली. आज पाहणाऱ्याला ती मसाल्याचा डबा वाटते. तिच्या आत सर्पिल खाचांची फिरकी असते. काळोखात, केवळ बोटांच्या स्पर्शाने, फिल्म त्या खाचांत सरकवीत न्यावी लागे. फिल्मचे दोन वेढे एकमेकांना चिकटले तर तेवढ्या जागी चित्र कायमचे जाई. झाकणाच्या मधोमध नाळके असते. त्यातून पाणी आत जाते पण उजेड जात नाही.

याच ठिकाणी थर्मामीटरविषयी सांगितले पाहिजे, कारण आपल्या देशात या कलेची खरी लढाई उष्म्याशी होती. परदेशी पुस्तके डेव्हलपरचे तापमान ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० अंश सेल्सियस, असे बिनधास्त सांगत. वैशाखात नागपूर-जबलपूरकडे नळाचे पाणीच हाताला चटका देते. तापलेल्या पाण्यात जिलेटिन फुगते, मऊ पडते आणि बोट लागताच काचेवरून साईसारखे निघून येते. एकदम थंड पाण्यात टाकावे तर त्याला सुरकुत्या पडून चित्रावर जाळे उमटते. म्हणून उन्हाळ्यात रात्री उशिरा काम करावयाचे, पाणी माठात ठेवावयाचे, थाळीखाली बर्फाची परात ठेवावयाची. डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घातले तर जिलेटिन कमी फुगते आणि क्रोम ॲलमने ते कठीण होते, हे उपायही होते. जुन्या स्टुडिओच्या सामानात मोठे परातवजा भांडे आणि त्यात बसणारी लहान थाळी अशी जोडी दिसली, तर ती या कामाची समजावी.

काट्यालाही येथे मान होता. ग्रेन आणि ड्रामची नाजूक पितळी वजने सापडतात ती सोनाराची नव्हेत. मेटॉल, सल्फाइट, हायड्रोक्विनोन, सोडा आणि चिमूटभर ब्रोमाइड, याच क्रमाने डेव्हलपर कालवावयाचा. सल्फाइट आधी भरपूर घातले की मेटॉल नीट विरघळत नाही. तयार द्रावणाला हवा लागली की ते चहासारखे तपकिरी होऊन निकामी होते. त्यासाठी काही फोटोग्राफर एक युक्ती करीत. बाटलीतील द्रावण जसजसे कमी होई तसतशा तीत काचेच्या गोट्या सोडीत, म्हणजे पातळी गळ्याशी येऊन आत हवेला जागा उरत नसे. डार्करूमच्या सामानात गोट्यांची पिशवी निघाली तर ती मुलांची खेळणी म्हणून बाजूला काढू नये.

एन्लार्जर हे यंत्र बहुधा ओळखू येते. खांबावर वरखाली सरकणारा दिव्याचा डोलारा आणि खाली फळी. पण त्याच्यासोबतची दोन किरकोळ साधने केराच्या टोपलीत जातात. एक म्हणजे तारेच्या टोकाला चिकटविलेली काळ्या पुठ्ठ्याची टिकली. दुसरे म्हणजे मध्यभागी वेडेवाकडे भोक पाडलेला पुठ्ठा. ही दुकानात क्वचित मिळत. प्रत्येकजण आपापली करी. समजा, फेट्याच्या सावलीत आजोबांचा चेहरा काळा आला आहे. छपाईचा प्रकाश कागदावर पडत असताना चेहऱ्यावर ती टिकली दोन-चार सेकंद धरावयाची, म्हणजे तेवढा भाग कमी काळा होतो. टिकली सतत हलती ठेवली पाहिजे, नाही तर तिची कड उमटते. उलट, पांढरेफटक आलेले धोतर भोकाच्या पुठ्ठ्यातून जादा प्रकाश देऊन सावरावयाचे. सेकंद मोजण्यास कोणी लोलकाचे टकटक यंत्र ठेवी, कोणी मनातल्या मनात आकडे म्हणे. जुन्या चांगल्या छायाचित्रात चेहरा जो उजळलेला दिसतो, त्याचे श्रेय पुष्कळदा त्या तारेकडे जाते.

रिटचिंगचे मेज पोथी ठेवण्याच्या व्यासपीठासारखे दिसते. कलती चौकट, तीत दुधी काच, खाली आरसा आणि वर छप्पर. आरशाने खिडकीचा उजेड वर फेकावयाचा, निगेटिव्ह दुधी काचेवर ठेवावयाची आणि सुईसारखे टोक केलेल्या पेन्सिलीने तिच्यावर बारीक ठिपके द्यावयाचे. निगेटिव्हवर जे काळे ते छापात पांढरे. त्या पेन्सिलीने देवीचे व्रण भरून निघत, डोळ्यांखालची वर्तुळे जात. देवीचा रोग देशातून हद्दपार झाला तो १९७० नंतरच्या दशकात. फोटोतून त्याला या मेजावर कित्येक वर्षे आधीच हद्दपार केले होते!

सरकारी कचेऱ्यांतही अशा खोल्या होत्या. नकाशे, पुराणवस्तू, अंगुलिमुद्रा, प्रसिद्धी अशी कामे असलेल्या खात्यांना त्यांवाचून गत्यंतर नव्हते. अशा एका कचेरीच्या निर्लेखन समितीवर मी होतो. जडवस्तूंच्या नोंदवहीत एक नोंद होती: ‘आरसे, लोखंडी, बिनचौकटीचे, नग चार.’ कचेरीला लोखंडी आरसे कशाला हवे होते, हे कोणालाच सांगता येईना. त्या चकचकीत मुलाम्याच्या ग्लेझिंग प्लेट होत्या. धुतलेला ओला फोटो चित्राची बाजू खाली करून त्यावर पसरावयाचा, रबरी रुळाने पाणी आणि हवेचे बुडबुडे दाबून काढावयाचे आणि वाळू द्यावयाचा. पुरता वाळला की तो कट् असा आवाज करून आपोआप सुटतो आणि प्लेटची चकाकी त्याच्या अंगी उतरलेली असते. कपडे पिळण्याच्या यंत्रातून सुटा झाल्यासारखा वाटणारा रबरी रूळ तोच. नोंद दुरुस्त करून घेतली. दोन प्लेट आणि रूळ एका महाविद्यालयाला गेले. १९५०-६० च्या फोटोंच्या कडा नक्षीदार, कातरल्यासारख्या असत. ती किमया करणारा वेड्यावाकड्या पात्याचा कटरही त्याच खोलीत निघाला, आणि उदकमंडलमच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ छापाचे काही डबे. तो सरकारी कारखाना १९६७ पासून माल काढू लागला होता. तोही आता बंद पडला आहे.

डब्यांविषयी एक इशारा दिला पाहिजे. काळ्या कागदात गुंडाळलेला, सीलबंद किंवा चिकटपट्टी लावलेला डबा उजेडात उघडू नये. आतील काच किंवा फिल्म कोरी असेल, किंवा फोटो घेतलेली पण धुवावयाची राहिलेलीही असेल. आन्द्रे या स्वीडिश प्रवाशाचे बलून १८९७ साली उत्तर ध्रुवाच्या वाटेवर नाहीसे झाले. १९३० साली त्याचा तळ बर्फात सापडला, त्यात फिल्मही होत्या. तेहेतीस वर्षांनी त्या धुतल्या तेव्हा त्र्याण्णव चित्रे हाती आली. आपल्याकडील दमट हवेत एवढे भाग्य लाभेलच असे नाही, पण डबा उघडला तर ती आशाही संपते.

१९५०च्या आसपासपर्यंत चित्रपटांची फिल्म बहुतांशी नायट्रेटची असे. तिची गोष्ट निराळी. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेऱ्याबरोबर फिल्मला भोके पाडण्याचे यंत्रही घेऊन आले. कोऱ्या फिल्मच्या कडांना काळोखात भोके पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला त्यामागे दादरच्या घरातील हा काळोखही होता. ती फिल्म कापराच्या जातीची. पेटली की पाण्यानेही विझत नाही. जुनी झाली म्हणजे चिकट होते, उग्र वास मारते आणि तपकिरी भुकटी होऊ लागते. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म २००३ साली आगीत जळाल्या, तेथे जाणकार माणसे असताना. तेव्हा घरात असा डबा निघाल्यास तो उन्हापासून व चुलीपासून दूर ठेवून त्याच संग्रहालयाला कळवावे.

काचांना आगीचे भय नाही, त्यांना भय स्वच्छतेच्या हौसेचे आहे. चित्र काचेत नसते. काचेवरच्या जिलेटिनच्या थरात असते. तो मंद बाजूला असतो, चकाकणारी बाजू ती नुसती काच. ओल्या फडक्याने मंद बाजू पुसली की आजोबा फडक्याला येतात. तसबिरींना काच हवी म्हणून गरम पाण्यात घालून खरवडलेल्या निगेटिव्ह किती असतील याची गणती नाही. फिल्म तर आतील चांदीसाठी भट्टीत गेल्या. काच कडांनीच धरावी, एकीवर एक आडवी रचू नये, तर खाचांच्या पेटीत, किंवा साध्या कागदात एकेक गुंडाळून, पुस्तकांसारखी उभी ठेवावी. वर्तमानपत्राचा कागद वापरू नये, त्याचे आम्ल थराला बाधते.

मग ती काच खिडकीकडे धरून तिचे कोपरे न्याहाळावेत. एखाद्या कोपऱ्यात शाईने लिहिलेला किंवा टोच्याने कोरलेला आकडा सापडेल. तो स्टुडिओच्या वहीतील अनुक्रमांक. त्या वहीत त्या अंकापुढे नाव, गाव, तारीख, मागविलेल्या प्रती आणि आलेली-राहिलेली रक्कम लिहिलेली असते. वही हिशेबाची म्हणून रद्दीत सर्वांत आधी जाते. वास्तविक त्या खोलीतील सर्व सामानापैकी एकच वस्तू वाचविता येत असेल, तर काचांच्या पेटीबरोबर ती वही वाचवावी. तिच्यावाचून ती माणसे, पगड्या आणि नऊवारी लुगडी नेसलेली, बिननावाची राहतात. वहीची पाने चिकटली असतील तर ती सुरीने सोडवू नयेत, आणि कोपऱ्यातील आकडा उलटा दिसला तर काच फिरवून पाहावी.